पाचवी मूठ

१

माझं काम सांगायला सोपं आहे. जो मेला तो मेलेलाच राहिला पाहिजे. ज्याचा डावा पाय लंगडा, त्याचा पुढच्या भागात उजवा लंगडायला नको. स्वयंपाकघराचं दार आत उघडतं, तर ते सहा भागांत, बारा वर्षांत, आतच उघडलं पाहिजे. कार्डावर माझ्या नावाखाली 'कंटिन्युइटी लीड' असं छापलंय. आई शेजारणींना सांगते, पोरगी कंपनीत चुका काढते. तिचंच बरोबर आहे.

कंपनी सुरतेत, पर्वत पाटियाला, एका कापड मार्केटच्या चौथ्या मजल्यावर. खालचे तीन मजले साड्यांचे. दिवसभर पार्सलांना चिकटपट्टी लावल्याचा चर्र चर्र आवाज वर येतो. वर आम्ही अकरा जण मोबाइलवरचा एक खेळ बनवतो. 'खोली सत्तावीस' त्याचं नाव. २०१३ साली पहिला भाग आला, आता सहावा चालू आहे. त्यात बंदूक नाही, पळापळ नाही. एका गिरणीकामगाराचं दोन खोल्यांचं घर आहे. घरात आई, बाप, मुलगी, मुलगा. आणि तुम्ही, म्हणजे खेळणारा. तुम्हाला चेहरा नाही, हात नाहीत, नाव नाही. तुमच्या डोळ्यांना जे दिसेल तेवढं पडद्यावर दिसतं. घरातली माणसं तुमच्याशी बोलतात, "बस ना", "जेवण झालं?" विचारतात, पण नावाने हाक कधी मारत नाहीत. तुम्ही त्या घराचे कोण, मुलगा की मुलगी की नुसते पाहुणे, हे आम्ही सहा भागांत कळू दिलेलं नाही. "आलास" आणि "आलीस" दोन्ही टाळून माणसांना दोन-दोन तास बोलतं ठेवायचं म्हणजे काय, ते एकदा करून बघा.

लोकांना हेच आवडतं. पहिल्या भागात तुमच्या धक्क्याने कपाचा कान तुटला, तर चौथ्या भागात तोच कप चिकटवलेला दिसतो. हे सगळं माझ्या लक्षात असतं, आणि लक्षात नसलेलं माझ्या रजिस्टरांत असतं. लाल पुठ्ठ्याची सात रजिस्टरं झाली. ऑफिसातली पोरं हसतात. हसोत बापडी.

त्या सोमवारी दीप्ती माझ्या टेबलाशी आली. दीप्ती आमची प्रमुख. ती चिडली की तिचा आवाज चढत नाही, उतरतो.

"नूतन, बघ, पहिल्या भागातला तो गव्हाचा सीन." तिचा आवाज अगदी खाली होता. "घरात माणसं चार. आणि आई मुठी घालते पाच."

"शक्यच नाही," मी म्हटलं.

"बारा वर्षांनी कुणीतरी मोजल्या. आता सगळे मोजतायत."

मी सीन लावला आणि मोजल्या. पाच.

हा सीन माझाच होता. आम्ही खानदेशातले, आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. तिच्या रोटांसाठी घरातल्या माणसांमागे सव्वा-सव्वा मूठ गहू मोजून काढायचे, तेवढेच दळायचे, आणि ते रोट फक्त घरच्यांनी खायचे. काही घरांत पुरुषांच्याच मुठी मोजतात. आमची आई सगळ्यांच्या मोजते. पहिल्या भागाच्या वेळी मी बावीस वर्षांची, कंपनीत नवीकोरी. घरी आईचं ते मोजणं कॅमेऱ्यावर घेतलेलं आणून दिलं, आणि त्यातले तिचे हात जसेच्या तसे खेळात उतरवले. खेळातली मुलगी सुंदरा, ती तर सरळ माझ्यावरूनच काढली होती. तीच वेणी, तीच पाठ. एवढं आपल्या घरातलं, आणि त्यातच चूक. माझे कान तापले.

"गुरुवारी संध्याकाळी पहिला भाग नव्याने लोकांकडे जाणार," दीप्ती म्हणाली. "त्याच्या आत एक तर चार कर, नाही तर पाचवी कुणाची ते सांग. पाहुण्याची म्हण."

"बाहेरच्याला रोटाचा तुकडासुद्धा देत नाहीत."

"मग खेळणाऱ्याची म्हण."

"मग खेळणारा घरचा ठरतो. बारा वर्षं झाकून ठेवलेलं एका मुठीत उघडं पडेल."

"बघ मग," ती म्हणाली, आणि गेली.

२

आमचं घर ऑफिसपासून पंधरा मिनिटांवर. दोनच खोल्या. नाना, म्हणजे माझे वडील धुडकू, पलसाण्याच्या डाइंग मिलमधून निवृत्त झाले. धाकटा भाऊ योगराज बारडोलीच्या साखर कारखान्यात फिटर आहे, तो शनिवारी घरी येतो. आई, मंगलाबाई, चैत्रापासून उजव्या हाताने अधू. लकव्याचं हातावरच निभावलं, बोलणं शाबूत राहिलं. ती एका हाताने सगळं करते आणि कुणी मदतीला आलं की चिडते.

पण गहू एका हाताने मोजता येत नाहीत. म्हणजे येतात, पण ते उजव्याच हाताने मोजायचे असतात. म्हणून या वर्षीपासून मोजणं माझ्याकडे आलं होतं. आठवडाभर ती मला दिवसातून तीनदा विचारत होती.

"नीट मोजशी ना?"

"माय, मी कंपनीमा हाईच करस," मी म्हणायचे.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात तिच्याजवळ बसले. समोर भांड्यांच्या दोन फळ्या. खालच्या फळीवर रोजचे चार स्टीलचे ग्लास. लग्नकार्यात भांडी बदलून जाऊ नयेत म्हणून प्रत्येकावर नाव घातलेलं: धुडकू, मंगला, नूतन, योगराज. वरच्या फळीवर न लागणारी पितळी भांडी आणि त्यांच्या कडेला एक एकटाच ग्लास. त्यावर नाव 'वत्सला'. त्यात कधी कुणी पाणी प्यायलं नाही, पण दर रविवारी आई तो पुसते. लहानपणी मी विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, कोणा लगीनमा बदली गया व्हई. एवढी नावं घालूनही बदललाच, म्हणून आम्ही बहीणभाऊ हसायचो.

"माय, गहूना कितल्या मुठी मोजतस आपण?"

"पाच."

"पन आपण चार जन शेतस."

"माले मोजता येस."

"मंग पाचवी कोना नावनी?"

आईने डाव्या हाताने कोथिंबिरीची जुडी सोडली. "पाचवीले नाव नही लागत."

मी नानांकडे बघितलं. ते दारापाशी पेपर वाचत होते.

"तुन्ही आजीनं सांगेल शे तिले," ते पेपरमागून म्हणाले. "चाल शे बेटा. दुसरं काय?"

चाल आहे, हे मला पटलं. प्रत्येक घरात अशी एखादी चाल असते आणि तिचं कारण विचारणारा अडाणी ठरतो. मला बरंही वाटलं. चूक माझी नव्हती, आजीची होती. पण खेळात आजी नाही. ती कधी दाखवलीच नाही, आणि एका मुठीसाठी सातव्या रजिस्टरात आजी जन्माला घालायची माझी तयारी नव्हती.

३

बुधवारी मी लोकेशला सांगितलं, चार कर.

लोकेश आमचा प्रोग्रामर. पांडेसऱ्यात वाढलेला, वडील रेल्वेत होते. बोलायला लागला की तीन भाषा एका वाक्यात घेतो. त्याने पाचव्या मुठीचे सात सेकंद कापले, दोन्ही टोकं जोडली, आणि सांधा कुठे दिसेना.

"देखो ताई, एकदम बराबर," तो म्हणाला. "जणू कधी नव्हतीच."

मी रजिस्टरात लिहिलं: 'भाग १, गव्हाचा प्रसंग. मुठी चार. दुरुस्त.' खाली सही केली. मला दुरुस्त हा शब्द लिहायला फार आवडतो.

गुरुवारी दुपारी सगळ्यांनी आपापल्या फोनवर तो सीन खेळून बघितला. माझ्या फोनवर वेगळंच झालं. या सीनला खेळणारा दारातून आत येतो आणि चौघांबरोबर सतरंजीवर बसतो. आई त्याच्यासाठी थोडी सरकते. मी बोट पुढे सरकवलं. चित्र दारापर्यंत गेलं आणि थांबलं. पुन्हा सरकवलं. आत जाईना. चौघं गव्हाभोवती बसलेली, आई मोजतेय, आणि आपण उंबऱ्याबाहेर उभे. कुणी सरकलं नाही. कुणी वर बघितलं नाही.

"लोकेश, आत जाता येत नाहीये."

त्याने आपल्या फोनवर बघितलं. तो आत गेला, बसला. दीप्तीही गेली. बाकीच्यांच्या फोनवरही सगळं ठीक. मग त्याने माझा फोन हातात घेतला, चारदा बोट फिरवलं, आणि फोन परत दिला.

"तुमचा फोन जुना झाला ताई. रॅम कमी पडते."

फोन जुना होता हे खरं. तरी एक गोष्ट मला खटकली. अडलेलं चित्र थरथरतं, किंवा गोठतं. हे तसं नव्हतं. ते अगदी बारीक, श्वास घेतल्याएवढं, वरखाली होत होतं. आमच्या खेळात उभं राहिल्यावर चित्र हलत नाही. ते पहिल्या भागापासून ठरलेलं आहे. पहिलं रजिस्टर, पान नऊ.

संध्याकाळी सहा वाजता नवा पहिला भाग लोकांकडे गेला. दीप्तीने सगळ्यांना खमण मागवलं.

४

शुक्रवारी मी जुनी हार्डडिस्क काढली. कारण असं, की मला ते पाच मोजणं मूळ चित्रीकरणात बघायचं होतं. दुरुस्ती केल्यावर मूळ बघून घ्यायची माझी सवय आहे. लोक कुलूप लावून पुन्हा ओढून बघतात, तसंच.

बारा वर्षं आम्ही त्यातला हातांपुरता चौकोनच वापरत आलो होतो. पूर्ण चित्र मी बहुतेक कधी बघितलंच नव्हतं. दोन मिनिटं चाळीस सेकंद. दुपारचे बारा वाजले होते, खाली पार्सलांची चर्र चर्र चालू होती, शेजारी लोकेश डबा खात होता.

चित्र आमच्या दारापासून सुरू होतं. सतरंजीवर आई, समोर सूप. नाना भिंतीला टेकून. अठरा वर्षांचा योगराज, नुकती मिसरूड फुटलेला. आणि त्यांच्या शेजारी, पाठमोरी, लसूण सोलत बसलेली मी.

मी चित्र थांबवलं. माझी वेणी, माझा पिवळा ड्रेस. चौघं चित्रात होतो.

मग कॅमेरा धरला कुणी?

डोकं थंड ठेवून विचार केला. कॅमेरा कशावर तरी ठेवला असेल. पण तो चालत येत होता. दारातून, एकेक पाऊल, सतरंजीपर्यंत. शेजारचं कुणी असेल. पण मोजताना आई बाहेरच्याला घरात उभं करत नाही. मग मी योगराजला फोन लावला.

"भाऊ, पहिल्या भागाच्या वेळचं ते गव्हाचं शूटिंग तूच केलेलं ना?"

"मी? तू केलं ना. मला तर हात लावू देत नव्हतीस, कंपनीचा आहे म्हणून."

"मग तू बसलेला आहेस ना त्यात?"

"हो. आणि तू माझ्या बाजूला बसून डोकं खात होतीस." तो हसला, आणि मग त्याचं हसणं थांबलं. "ताई, मग शूटिंग कुणी केलं?"

"बघते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मी पुढचं बघितलं. कॅमेरा सतरंजीजवळ आला आणि खाली उतरला, माणूस बसतो तसा. आईने वर बघितलं नाही. हातातली मूठ सुपात सोडली आणि थोडी डावीकडे सरकली, जागा करून. नाना पाय जवळ घेऊन बसले. योगराज सरकला. आणि चित्रातली मी, लसूण सोलता सोलता, मान न वळवता, सरकले.

मला ते आठवत नाही. कुणी आल्याचं आठवत नाही, सरकल्याचं आठवत नाही. त्या दिवसाची लसणीची चटणी तेवढी आठवते.

"जेवणार नाही का ताई?" लोकेशने विचारलं. मी त्याच्याच डब्यातली अर्धी भाकरी घेतली आणि खाल्ली, कारण काहीतरी करायला हवं होतं.

५

शनिवारी सकाळी दहाला आम्ही मोजायला बसलो. तीच खोली, तशीच सतरंजी. दार उघडं होतं, उंबऱ्यावर उन्हाचा पट्टा पडला होता. खाली रस्त्यावर टेम्पो मागे येत होता आणि कुणीतरी गुजरातीत "आवा दे, आवा दे", येऊ दे, येऊ दे, ओरडत होतं.

आईने माझ्यापुढे गव्हाचं पातेलं सरकवलं. ती फार शांत होती. मीही शांत होते, किंवा तसं ठरवलं होतं.

नानांची सव्वा मूठ. आईची. माझी. योगराजची. प्रत्येक वेळी मनात नाव घेतलं आणि गहू सुपात सोडले. मग मी हात झटकला.

खरं सांगते, मी मुद्दाम थांबले. सबंध आठवडा एका मुठीपायी खराब गेला होता. कागदावर चार, माणसं चार, ऑफिसात चार. घरात तरी पाच का? बारा वर्षांचं माझं सगळं काम हेच सांगत होतं, की जे नाही ते नाही.

"थांबू नको," आई म्हणाली.

"माय, चार झाल्यात."

"पाचवी टाक."

"कोणाकरता? आते तरी सांग. नाव सांग, मी टाकस."

ती माझ्याकडे बघत नव्हती. दाराकडेही बघत नव्हती. दाराकडे न बघण्यासाठी तिने मान अशी धरली होती की मानेच्या शिरा दिसत होत्या. नानांचे डोळे जमिनीवर होते. योगराजने एकदा दाराकडे बघितलं आणि पटकन गव्हाकडे बघू लागला. विचारलं असतं तर काय बघितलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. उन्हाचा पट्टा होता. त्यात कुणी नव्हतं. फक्त दारातून वारा येत होता तो यायचा थांबला होता.

"एकदाव मी बराबर मोजेल व्हतं," आई म्हणाली. हळू, जणू भाजीचं काही सांगावं तसं. "सासूनं सांगेल व्हतं, तरी. माले वाटनं, उगाच कसाले? तीन जन व्हतूत. तीन मुठी टाक्यात. तुन्हा जलम नव्हता व्हयेल."

मी हिशोब केला. नाना, आई. आणि माझ्या जन्माआधीची एक पोर. तीन.

नाना उठले, आणि उठून जायला जागा नसल्यासारखे पुन्हा खाली बसले.

मी वरच्या फळीकडे बघितलं. ग्लास पितळी घागरीशेजारी होता, पुसलेला, चकचकीत. कुठल्या लग्नात बदलला नव्हता तो.

"कसं काय?" मी विचारलं. "काय झालं व्हतं?"

"टाक," आई म्हणाली. तिचा अधू हात मांडीवर हलत होता. आपला आपण, मूठ मिटायला बघत होता, आणि मिटत नव्हता. मला रडूच आलं. पातेल्यात हात घातला, सव्वा मूठ घेतली, आणि नाव न घेता सुपात सोडली.

वारा पुन्हा आला. आई थोडी डावीकडे सरकली. नानांनी पाय जवळ घेतले. योगराज सरकला. आणि मी सरकले. मी ठरवून सरकले नाही, हे मला सांगायचंय. माझं अंग सरकलं. सतरंजीवर आमच्यामध्ये एका माणसाएवढी जागा मोकळी झाली, आणि गहू निवडून होईपर्यंत आमच्यापैकी कुणी तिथे हात टेकला नाही.

६

रविवारी कानबाई बसली. नारळाला डोळे काढले, नथ घातली, गल्लीतल्या बायका गाणी म्हणायला आल्या आणि रोटांच्या वेळेला आपापल्या घरी गेल्या. आम्ही रोट खाल्ले. किती उरले ते कुणी बघितलं नाही. सोमवारी सकाळी तापीवर विसर्जन करून मी तशीच, ओल्या पायांनी, ऑफिसला गेले. घरात आम्ही पाच मोजल्या होत्या. पण ते घर, त्या दोन खोल्या, ती फळी, तो उंबरा मी बारा वर्षांपूर्वी जसाच्या तसा आणखी एका ठिकाणी बांधून ठेवला होता. तिथे गुरुवारपासून चार होत्या. माझी सही होती.

"लोकेश, पाच कर."

तो माझ्याकडे बघत राहिला. "ताई, तुम्हीच तर..."

"कर. चूक नव्हती ती."

"करतो. पण ॲप स्टोअरकडून मंजूर व्हायला टाइम लागतो. परमदिवशी, बुधवारे, त्याआधी नाही."

दीप्तीने कारण विचारलं. मी म्हटलं, "पाचवी खेळणाऱ्याची." ती खूश झाली. लोकांना हे फार आवडेल, म्हणाली.

मी माझ्या जागेवर येऊन फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि तो सीन लावला. बोट लावलं नाही. हात मांडीवर ठेवले.

चित्र उंबऱ्याबाहेर उभं होतं, तसंच बारीक वरखाली होत. आत चौघं. चार मुठी पडल्या. मग पाचवीच्या जागी, जिथे आता काही नव्हतं तिथे, चित्र वळलं. बापाकडे. बराच वेळ. मग आईकडे. मग मुलाकडे. घाई नव्हती. भाजीवाल्याकडे माणूस चार वांगी बघतो, तसं. मग ते सुंदराकडे वळलं आणि तिथेच राहिलं. सुंदरा पाठमोरी लसूण सोलत होती.

मग चित्र उंबऱ्याच्या आत आलं. कुणी सरकलं नाही. जागा कुणी केलीच नाही. ते तिच्या वेणीपर्यंत आलं, इतकं जवळ की वेणीचे पेड मोजता यावेत, आणि पडद्याच्या खालच्या कडेने एक हात वर आला. तळहात वर, बोटं किंचित वाकलेली, मूठभर काही मागावं तसा.

आमच्या खेळात खेळणाऱ्याला हात नाहीत. पहिलं रजिस्टर, पान दोन.

मी फोन पालथा ठेवला. खाली कुणीतरी पार्सलाला चिकटपट्टी लावत होतं. मी ते ऐकत राहिले, आणि थोड्या वेळाने जेवायला घरी गेले.

घरी नाना झोपले होते. योगराज बारडोलीला परतला होता. आई भांडी विसळत होती, डाव्या हाताने. मी ताट घेऊन बसले.

"नूतन," ती पाठमोरीच म्हणाली. "तुन्हा त्या खेळमा बी गहू मोजतस ना? मन्हा हात शेतस ना त्यामा?"

"हा माय."

"तठे कितल्या मुठी शेतस?"

बारा वर्षांत मी एकही खोटी नोंद केली नव्हती.

"पाच," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. मग तुरीची डाळ किती महागली ते सांगू लागली, शेजारच्या उखाबाईच्या सुनेचं सांगू लागली. बोलता बोलता तिने एक ग्लास विसळला, पदराने आतून-बाहेरून पुसला, टाचा उंचावल्या, आणि तो वरच्या फळीवर ठेवला. पितळी घागरीच्या कडेला, वत्सलाच्या ग्लासाला लागून. दोन्ही ग्लास एकमेकांना टेकल्याचा बारीक आवाज झाला. तिचं बोलणं थांबलं नाही. तिचं हाताकडे लक्षच नव्हतं.

मी पाणी मागितलं.

"ले ना बेटा, तुन्हा ग्लास ले," आई म्हणाली, आणि मग स्वतःच खालच्या फळीवर तो शोधायला लागली. तिथे तीनच होते.